डाव्या पायाची लाथ

"शर्ट वर कर," मी म्हणालो, आणि इरफान मुजावर निमूट पालथा झोपला.

सकाळचे सहा वाजले असतील. मिरजेबाहेर जत रस्त्याच्या कडेला आठ जवान पोरं ओळीनं पालथी पडली होती. आठ सायकली बाभळीला टेकवलेल्या होत्या, आणि मी उजव्या पायातला बूट काढून एकेकाच्या कमरेवर लाथ घालत पुढं सरकत होतो. सायकलला दुधाचे कॅन लावून निघालेला एक गवळी थांबला. त्यानं एक पाय जमिनीला टेकवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय केलंय ओ ह्यांनी?"

"काही नाही," आप्पा कोष्टी म्हणाले. "शर्यत आहे त्यांची आज."

गवळ्याला ते पटलेलं दिसलं नाही. जाताना त्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

आता हे सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्या कामाचा भलताच अभिमान होता. मी, धनपाल चौगुले, पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसानं कमरेवर पाय मारला की उसण उतरते, अशी आमच्याकडं समजूत आहे. वाकून काहीतरी उचलायला जावं आणि कमरेत कळ भरावी, सरळ होता येऊ नये, ती उसण. डॉक्टर गोळ्या देतो, पण लोक आधी पायाळू शोधतात.

आमच्या गावात दुसरा पायाळू नव्हता, त्यामुळं माझी लहानपणीच चलती झाली. पहिलीत असताना मी हेडमास्तरांना लाथ मारलेली आहे, आणि वर त्यांनी मला खडीसाखर दिली. सरपंचांना मारली. माझ्या थोरल्या चुलत्यांना, ज्यांच्यापुढं आई डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, त्यांना तर तीन वेळा मारली. लाथ मारून झाली की वाकून नमस्कार करायचा, एवढाच आईचा दंडक. आणि दुसरा एक होता: "उजवाच पाय लावायचा. डावा लावलास तर उसण उलटी चढती. चांगला माणूस आडवा हुईल." मी ते मनावर कोरून ठेवलं होतं. एवढी ताकद आपल्या दोन पायांत आहे, एकानं माणूस उभा राहतो आणि दुसऱ्यानं आडवा होतो, असं सहा वर्षांच्या पोराला वाटत राहिलं तर ते बिघडेल नाहीतर काय.

मिरजेला खंदकाजवळ आप्पा कोष्टींचं सायकलचं दुकान होतं. आप्पा स्वतः तरुणपणी शर्यती मारलेले, आता गुडघे गेले म्हणून पोरांना तयार करायचे. त्यांच्याकडं आम्ही आठ-नऊ जण सरावाला असायचो. एकदा गोविंद कुंभार नावाच्या पोराला शर्यतीच्या सकाळीच खरोखर उसण भरली. मी लाथ मारली. मणका कट्कन वाजला, गोविंद उठला, आणि जन्मात कधी पहिल्या दहात न आलेला तो प्राणी तिसरा आला. झालं. पुढच्या शर्यतीला सगळेच पालथे. कुणाची कंबर दुखत नव्हती, कुणाची पाठ धरलेली नव्हती. चांगल्या धडधाकट पाठी. पण प्रत्येकाला तो कट् आवाज हवा होता. "मणका मोकळा झाला की पायात वारं शिरतंय," गोविंद सगळ्यांना सांगत फिरायचा.

आप्पांना हे मुळीच आवडत नसे. "दुखत नाही त्याला औषध कशाला रे?" ते म्हणायचे. "भूक नसताना जेवल्यासारखं आहे ते."

"आप्पा, इंजिनात बिघाड नसला तरी तेल घालतातच की," मी म्हणायचो. हे वाक्य मी खास तयार केलं होतं आणि दिसेल त्याला ऐकवत होतो.

शेवटी एका रविवारी आप्पांनी परीक्षा घ्यायची ठरवली. मी लगेच हो म्हणालो. आपली महती आता लेखी होणार, असं मला वाटलं. आप्पांनी प्रत्येकाला पालथं झोपवून डोक्यावर पंचा टाकला. चौघांच्या कमरेवर मी पाय मारायचा आणि चौघांच्या स्वतः आप्पांनी. कोण कुणाचा, ते पोरांना कळू द्यायचं नाही. मग नाक्यापासून पाच किलोमीटरच्या दगडापर्यंत सायकल हाणायची आणि आप्पांनी स्टॉपवॉच लावायचं. पुढच्या रविवारी अदलाबदल. असे चार रविवार आप्पांनी हे केलं, आणि पाचव्या रविवारी वही माझ्यापुढं धरली.

"बघ. तुझ्या लाथेचे आकडे हे, माझ्या लाथेचे हे. काय फरक दिसतोय काय?"

दिसत नव्हता. दोन सेकंद इकडं, दोन सेकंद तिकडं. गोविंदचा सगळ्यात चांगला वेळ तर आप्पांच्या लाथेवर निघाला होता, आणि त्या दिवशी त्यानं येऊन मलाच मिठी मारली होती.

मी वही दोनदा वाचली. मग म्हणालो, "आप्पा, तुम्हीपण पायाळू असणार. आईला विचारून बघा."

"माझी आई वारून बारा वर्षं झाली, लेका."

"म्हणजे विचारायचं राहून गेलं."

आप्पांनी वही मिटली आणि ते पंक्चर काढायला बसले. नंतर त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

इरफानला मात्र परीक्षेचं काही देणंघेणं नव्हतं. तो सतारीच्या कारखान्यात भोपळे घासायचं काम करायचा. दिवसभर मांडी घालून भोपळा मांडीवर घ्यायचा आणि संध्याकाळी चाळीस किलोमीटर सायकल मारायचा. बोलणं कमी. आमच्यात सगळ्यात वेगवान तोच, आणि त्याच्या मागं दुसरा नेहमी मी. पहिला इरफान, दुसरा धनपाल, हे इतक्या वेळा झालं होतं की बक्षीस देणारे पाहुणे नावं विचारायच्या आधीच कप उचलायचे. मैत्री आमची घट्ट. शर्यतीत समोरून वारं असलं की पाळीपाळीनं पुढं राहून एकमेकांना आडोसा द्यायचो. सरावाला माझ्या सायकलची चेन तुटली तर तो थांबायचा. आणि प्रत्येक शर्यतीच्या सकाळी, न चुकता, तो माझ्यापुढं पालथा झोपायचा.

"तुला तर वहीतले आकडे आप्पांनी दाखवलेत," मी एकदा त्याला म्हणालो.

"हां."

"मग?"

"मला बरं वाटतंय," तो म्हणाला. "आकडे घेऊन काय करू."

१९८७ सालच्या डिसेंबरात जिल्ह्याची निवड शर्यत होती. मिरजेहून निघायचं, चाळीस किलोमीटरवरच्या खिंडीचा चढ चढायचा आणि परत. पहिल्या आलेल्याला नाशिकला राज्य स्पर्धेला पाठवणार. दुसरा राखीव. आणि नाशिकला जो पहिल्या दहांत येईल त्याला रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर घेणार, हे आप्पांनी स्वतः अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. मी तेव्हा साखर कारखान्यात काट्यावर हंगामी कारकून होतो. गाळप संपलं की घरी बसायचं. वडील नव्हते. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. वयाची अट पंचवीसची, आणि मला चोवीस संपून दोन महिने झाले होते. म्हणजे हीच एक शर्यत. पुढच्या वर्षी मी देशातला सर्वांत वेगवान माणूस झालो असतो तरी कुणी विचारलं नसतं.

इरफान बावीसचा होता. त्याच्याकडं अजून दोन वर्षं आहेत, असं मी रोज रात्री स्वतःला पटवून द्यायचो. नंतर नंतर तर मला असं वाटायला लागलं की खरं म्हणजे त्यानं स्वतःहूनच मागं राहायला पाहिजे. तो तसं काही करत नव्हता याचा मला राग यायला लागला. माणूस स्वतःच्या मनाशी किती पद्धतशीर खोटं बोलू शकतो, याचं मला आजही कौतुक वाटतं.

शर्यतीची सकाळ. चौदा-पंधरा गावांहून पोरं आली होती. आमची आठ जण नेहमीसारखी ओळीनं पडली. मी एकेकाला निपटत आलो. इरफान शेवटी झोपायचा, त्याची ती सवय. त्यानं शर्ट वर केला, कपाळ हातांवर टेकलं. मी नेहमी झोपलेल्याच्या डाव्या अंगाला उभा राहायचो, म्हणजे उजवा पाय बरोबर कमरेवर येतो. त्या दिवशी मी त्याच्या डोक्याकडून वळसा घालून उजव्या अंगाला गेलो. डाव्या पायातला बूट काढला.

मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. आप्पा लांब कुणाची तरी चाकं बघत होते. मी डावा पाय उचलला आणि त्याच्या कमरेवर मारला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा जरा जोरात. मणका वाजला. नेहमी वाजायचा तसाच.

"झालं," मी म्हणालो.

इरफान उठला. त्यानं शर्ट खाली ओढला, माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि सायकलकडं गेला.

आता ह्यापुढं जे झालं ते ऐकून कुणीही हसेल, आणि हसावंच. शर्यत सुटली. पहिले वीस किलोमीटर आम्ही दोघं पुढं. वारं समोरून होतं. इरफान पाळी द्यायला मागं येईना, तोच पुढं. मी म्हटलं, राहू दे, दमतोय ते बरंच आहे. मी त्याच्या चाकामागं चिकटून राहिलो आणि त्याच्या कमरेकडं बघत बसलो. रस्ता बघत नव्हतो, चढ बघत नव्हतो, त्याची कंबर बघत होतो. आता धरेल, मग धरेल. तो जरा हलला की मी पायडल मारायचं विसरायचो. आनंदानं की भीतीनं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

खिंडीचा चढ लागला. निम्म्यात इरफान सीटवरून उठून पायडलवर उभा राहिला. माझ्या मनानं लगेच निकाल दिला: भरली. उसण भरली. बसवेना त्याला. मी पाय सैल सोडले. आता घाई कशाला, म्हटलं, हा पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला पडलेला सापडेल. मी तर मनातल्या मनात थांबून त्याला पाणी द्यायचंसुद्धा ठरवलं होतं. एवढा मी थोर.

पुढच्या वळणावर कुणी पडलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वळणावरही नव्हतं. इरफान उभा राहिला होता तो जोर मारायला, आणि मी त्याच्या पाठीचं दुखणं साजरं करत बसलो तेवढ्यात तो खिंड ओलांडून पलीकडं उतरला होता. परतीच्या वाटेवर मी जीव तोडून सायकल हाणली. एक मिनिट चाळीस सेकंदांनी हरलो. एवढ्या फरकानं मी त्याच्याकडून आधी कधीच हरलो नव्हतो.

"काय झालं रे तुला चढाला?" आप्पांनी विचारलं. "पाय गळाले काय?"

"कंबर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार.

इरफान नाशिकला निघाला आणि मी राखीव. पण माझे खरे हाल पुढंच होते. आता मला नवीनच भीती लागली. उसण त्या दिवशी चढली नाही म्हणजे ती टळली असं थोडंच आहे. उद्या चढेल. परवा चढेल. नाशिकला ऐन शर्यतीत चढेल. मी रोज संध्याकाळी सतारीच्या कारखान्यात जायला लागलो.

"कंबर कशी आहे?"

"बरी आहे."

"वाकून बघ जरा."

तो वाकून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हजर. आठवडाभरानं त्याच्या मालकानं मला विचारलं, "तू डॉक्टरकीचं शिकायलाइस काय?"

शेवटी मला सहन होईना. नाशिकला निघायच्या आठवडाभर आधी मी आईपुढं सगळं ओकलो. ती चुलीपुढं बसून शेंगा फोडत होती. मी सांगत गेलो आणि तिचे हात थांबत गेले.

"आई, डाव्यानं उलटी चढती म्हणालीस. किती दिवसांनी चढती? उतरवायला काय करायचं?"

आईनं टरफलं बाजूला सारली. "काही चढत नाही."

"तूच म्हणालीस."

"मी म्हणाले, कारण तू दोन्ही पायांनी सगळ्यांना लाथा घालत सुटला असतास. कुठंतरी लगाम पाहिजे का नको." तिनं पदरावरची टरफलं झटकली. "आणि तू पायाळू न्हाईस."

मी माझ्याच पायांकडं बघितलं.

"डोक्यानंच आलास. चांगलं हे एवढं डोकं. माझा जीव जायची वेळ आली होती त्या डोक्यापायी."

"मग?"

"तीन वर्षांचा झालास तरी तू चालत नव्हतास. काड्या होत्या नुसत्या पायांच्या. चालायला लागलास तर चार पावलांत पडायचास. पोरं तुला फरफट्या म्हणायची, आणि त्यांच्या आया हसायच्या. एक दिवस नळावर ती मागच्या गल्लीतली तानूबाई म्हणाली, ह्याचे पाय काय कामाचे. मला राग आला. मी म्हटलं, माझं पोर पायाळू आहे, म्हणून पाय नाजूक आहेत, त्यांत गुण आहे. तिचीच कंबर धरली होती चार दिवस. संध्याकाळी ती दारात. आता माघार कशी घ्यायची? लावला तुझा पाय. दोन दिवसांत ती बरी झाली. उसण काय, दोन दिवसांत जातीच."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस."

"कशाला सांगू? लोक तुझ्या पायाखाली झोपायला लागली. फरफट्या म्हणायचं बंद झालं. तुला बोलवायला माणसं यायची, तर तू पळत जायचास. पळता पळताच पाय भरले तुझे." तिनं पुन्हा शेंगा हातात घेतल्या. "खोटं बोलले खरं. पण त्या पायांना कुणीतरी मान द्यावा असं वाटलं मला."

मला रडू आलं, ते लपवायला मी बाहेर गेलो. पण खरं सांगतो, अंगणात पोचेपर्यंत रडण्यापेक्षा सुटका मोठी वाटायला लागली होती. मी पायाळू नाही, तर डावा काय नि उजवा काय. म्हणजे मी इरफानचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. मी अगदी निर्दोष. असा हिशोब लावून मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

नाशिकला आमची सोय एका शाळेत केली होती. शर्यतीच्या सकाळी वर्गातले बाक बाजूला सारून पोरं तयारी करत होती. इरफान व्हरांड्यात बसून बुटाची नाडी बांधत होता. मी जवळ गेलो.

"झोप," मी म्हणालो. "पाय लावतो."

"नको."

"का?"

त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. ती बांधून झाल्यावर म्हणाला, "मिरजेला तू उजव्या अंगाला उभा होतास."

मला वाटलं होतं त्याला कळलंच नाही. डोळे मिटून पडलेला माणूस, त्याला काय कळणार. पण दोन वर्षं दर शर्यतीला माझा पाय त्याच्या पाठीवर पडला होता. मी कुठल्या बाजूनं येतो, हे त्याच्या पाठीला माहीत होतं.

"तू तेव्हाच का बोलला नाहीस?"

"काय बोलू? शर्यत सुटणार होती." तो सरळ माझ्याकडं बघत होता. "चढाला उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, बसलो तर भरेल. म्हणून बसलोच नाही वरपर्यंत."

म्हणजे तोही घाबरलेला होता. मी मागून त्याची कंबर बघत होतो आणि तो पुढं स्वतःची कंबर सांभाळत होता. आमच्या दोघांच्या मधे माझा तो डावा पाय चढ चढत होता.

मी घाईघाईनं माझं हुकमी पान काढलं. "इरफान, ऐक. मी पायाळूच नाही. आईनं सांगितलं. सगळं खोटं होतं. म्हणजे त्या पायानं तुझं काही होणारच नव्हतं. उगाच घाबरलास तू."

मी चक्क हसलो. त्यालाही हसू येईल असं मला वाटलं होतं.

"हे तुला कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात."

"म्हणजे त्या दिवशी माहीत नव्हतं."

मी हसू आवरलं.

"त्या दिवशी तुला वाटत होतं की मी आडवा होईन," तो म्हणाला. "नोकरी जाईल, पाठ जाईल, काय जाईल ते जाईल. तरी तू लावलास." त्याचा आवाज वाढला नाही. कधीच वाढत नसे. तो उठला, सायकल घेतली आणि मैदानाकडं चालत गेला.

आप्पा हाक मारत होते तेव्हा मी तिथंच उभा होतो. पंधरा दिवस मी उसण चढेल म्हणून घाबरलो, मग चढणारच नाही म्हणून भाकरी खाल्ल्या. लाथ मारणारा मी होतो, एवढं सोडून मी सगळ्याचा विचार केला होता.

शर्यत शंभर किलोमीटरची होती. राखीव खेळाडूचं काम म्हणजे ठरलेल्या जागी पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं. मी तीन ठिकाणी उभा राहिलो. इरफाननं तिन्ही वेळा बाटली घेतली आणि तिन्ही वेळा माझ्याकडं बघितलं नाही. साठ जण होते. तो कधी विसावा दिसायचा, कधी बारावा. मी आयुष्यात कुणासाठी देवाला काही मागितलं नव्हतं, स्वतःसाठी सोडून. त्या दिवशी मागितलं. माझ्या मागण्यावर विश्वास ठेवायला देवाकडं काही कारण नव्हतं, हेही मला कळत होतं.

तो सातवा आला.

आप्पा लहान पोरासारखे नाचत होते. गुडघ्यांचा त्यांना विसर पडला. कुणीतरी इरफानच्या गळ्यात हार घातला, कुणीतरी फोटो काढला. रेल्वेच्या अधिकाऱ्यानं त्याचं नाव, वय, पत्ता लिहून घेतला. मी गर्दीच्या मागं रिकाम्या बाटल्या घेऊन उभा होतो. हे सगळं मला मिळायला हवं होतं, असं मनात आलं का? आलं. खोटं कशाला सांगू. आलं आणि थोडा वेळ थांबलं.

गर्दी पांगली तसा तो मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली आला. चालणं बघूनच मला कळलं. कंबर खरोखर धरली होती. शंभर किलोमीटर वाकून बसलेला माणूस, वर महिनाभर मनात भीती. तो झाडाला हात टेकून हळूहळू खाली बसला, आणि मग दात खाऊन पालथा झाला. शर्ट त्याचा त्यानंच वर केला.

आजूबाजूला आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी बाटल्या खाली ठेवल्या आणि सवयीनं बूट काढायला वाकलो.

"पाय नको," तो मातीत तोंड घालूनच म्हणाला. "हातानं चोळ."

मी बूट तसाच ठेवला आणि गुडघ्यांवर बसलो. एवढ्या वर्षांत मी शंभर-दोनशे पाठींवर पाय दिला असेल, पण हात एकाही पाठीला लावला नव्हता. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. शेवटी दोन्ही अंगठे मणक्याच्या बाजूला ठेवले आणि चोळायला लागलो. पाठ दगडासारखी झाली होती.

"जरा वर," तो म्हणाला.

मी जरा वर घेतलं. माझ्या हाताला कसलाही गुण नव्हता, ते मला पक्कं माहीत होतं, आणि आता त्यालाही. आप्पा जेवायला बोलवायला आले, आम्हाला बघून परत गेले. इरफान झोपी गेला तरी मी चोळत होतो.